उठावानंतरची शाळा : केचुआ भाषेच्या इतिहासाच्या संदर्भात हैदराबाद संस्थानातील गोंडी शिक्षणाचा विचार

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीच्या दोन्ही उतारांवर पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर आणि शेजारच्या काही देशांत बोलली जाणारी केचुआ ही त्या खंडातील सर्वाधिक बोलली जाणारी मूलनिवासी भाषा होय. तिचे भाषक ऐंशी लाखांच्या घरात आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मराठी वाचकाला ही भाषा दूरची वाटली, तरी तिचे काही शब्द आपल्या परिचयाचे आहेत. लामा व पुमा हे प्राणी, ग्वानो हे खत, आणि हिवतापावरील ज्या औषधाला आपली जुनी माणसे 'कोयनेल' म्हणत त्या क्विनाईनचे मूळ नावही बहुधा याच भाषेतून जगभर गेले. केचुआ भाषक आपल्या भाषेला 'रुनासिमी' म्हणजे माणसांची बोली असे म्हणतात. 'केचुआ' हे नाव त्यांना इतरांनी दिले.

आपल्याकडील गोंडांचीही अशीच स्थिती आहे. 'गोंड' हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असून ते स्वतःला 'कोइतूर' म्हणवतात, आणि त्या शब्दाचा अर्थही माणूस असाच सांगितला जातो. मात्र प्रस्तुत लेखाचा हेतू अशी साम्ये गोळा करण्याचा नाही. या दोन भाषांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की, जो समोरासमोर ठेवला असता भाषा आणि राज्यसत्ता यांच्या संबंधावर वेगळा प्रकाश पडतो. पेरूमध्ये १७८०-८१ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांनी केचुआवर बंदी घातली. हैदराबाद संस्थानात १९४० च्या उठावानंतर राज्यकर्त्यांनी गोंडीच्या शाळा उघडल्या. दोन्ही ठिकाणी कारण एकच, उठाव. पण कृती परस्परविरुद्ध. असे असूनही पुढील काळात दोन्ही भाषा शाळेबाहेर आणि कचेरीबाहेरच राहिल्या. असे का झाले, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

मराठवाड्यातील अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ज्या आदिलाबाद जिल्ह्यात या शाळा निघाल्या तो जिल्हा आणि तत्कालीन औरंगाबाद हे एकाच संस्थानाचे भाग होते. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे गोंडी शिक्षणाचा हा प्रयोग परप्रांताचा नव्हे, तर आपल्याच प्रदेशाच्या इतिहासाचा भाग आहे.

केचुआ : धर्मपीठावरून बंदीहुकमापर्यंत

इंका साम्राज्याच्या विस्ताराबरोबर केचुआ भाषा अँडीजच्या मोठ्या भागात पोहोचली. त्या साम्राज्यात आपल्या अर्थाने लेखन नव्हते. गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या साहाय्याने हिशेब ठेवले जात. १५३२ मध्ये पिझारो व त्याचे सैन्य काहामार्का येथे आले, पुढील वर्षी इंका सम्राट आताहुआल्पा याला ठार मारण्यात आले, आणि साम्राज्य कोसळले. भाषा मात्र कोसळली नाही. उलट स्पॅनिश धर्मोपदेशकांनी तिला उचलून धरले. शेकडो बोलींच्या प्रदेशात धर्मप्रसार करावयाचा तर एखादी सर्वसामान्य भाषा हवी, ही त्यामागची व्यावहारिक गरज होती.

दोमिंगो दे सान्तो तोमास या धर्मोपदेशकाने १५६० मध्ये स्पेनमधील वाल्लादोलिद येथे केचुआचे पहिले व्याकरण व शब्दकोश छापला. लिमा येथील सान मार्कोस विद्यापीठात १५७९ च्या सुमारास केचुआचे अध्यासन निर्माण झाले. १५८२-८३ च्या तिसऱ्या लिमा धर्मपरिषदेच्या निर्णयानुसार स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत धर्मतत्त्वांचे पुस्तक तयार करण्यात आले आणि ते १५८४ मध्ये लिमात छापले गेले. दक्षिण अमेरिकेत छापलेले पहिले पुस्तक म्हणून त्याची नोंद होते. आपल्याकडे गोव्यात थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले त्याच्या सुमारे तीस वर्षे आधीची ही घटना आहे. दोन्हीकडे धर्मप्रसारकांचा हेतू एकच होता. फरक असा की, मराठीला त्याआधीच ज्ञानेश्वर-एकनाथांची ग्रंथपरंपरा होती; केचुआला पहिला छापील ग्रंथच परक्या धर्माचा मिळाला.

या काळात केचुआला जे स्थान मिळाले ते राज्यकर्त्यांच्या सोयीपुरते होते, आणि सोय बदलताच ते गेले. १७७० मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने अमेरिकेतील मूलनिवासी भाषा नाहीशा होऊन सर्वत्र स्पॅनिशच बोलली जावी अशी राजाज्ञा काढली. ती प्रत्यक्षात फारशी अमलात आली नाही. परंतु नोव्हेंबर १७८० मध्ये इंका घराण्याचा वंशज म्हणवणारा होसे गाब्रिएल कोंदोरकान्की याने तुपाक अमारू हे नाव धारण करून उठाव केला. करवसुली, खाणीतील वेठबिगार आणि सक्तीने माल खपविण्याची पद्धत यांविरुद्धचा हा उठाव कुस्कोच्या परिसरातून दूरवर पसरला. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात त्याला अत्यंत क्रूरपणे मारण्यात आले. शिक्षेचा निवाडा देणाऱ्या आरेचे या अधिकाऱ्याने त्याच निवाड्यात इंका पोशाख, इंका राजांची चित्रे, जुन्या आठवणी जागविणारी नाटके, शोकप्रसंगी फुंकले जाणारे शंख आणि केचुआ भाषा यांवर बंदी घातली. पुढे विद्यापीठातील अध्यासनही बंद झाले. येथे हे लक्षात घ्यावयास हवे की, आरेचेने भाषेला पोशाख व चित्रांच्या पंक्तीस बसविले. भाषा हे उठावाचे कारण नव्हते. ती उठाव करणाऱ्यांच्या स्मृतीचे वाहन आहे, हे त्याने अचूक ओळखले होते.

१८२१ मध्ये पेरू स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याने केचुआ भाषकांना विशेष काही दिले नाही. नव्या प्रजासत्ताकाची भाषा स्पॅनिशच राहिली आणि केचुआ ही डोंगरातील शेतमजुराची, म्हणजे लाज बाळगण्याजोगी भाषा ठरली.

गोंडी : राज्ये होती, राजभाषा नव्हती

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तेलुगू, कुई या तिच्या नात्यातील भाषा होत. मध्य भारतात गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा अशी गोंडांची राज्ये होऊन गेली. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना प्राण देणारी राणी दुर्गावती आणि नागपूर शहराचा संस्थापक मानला जाणारा देवगडचा बख्तबुलंद ही नावे सर्वपरिचित आहेत. पण या राज्यांनी गोंडीला दरबारी लेखनाची भाषा केले नाही. मंडल्याच्या हृदयशाहाचा १६६७ चा रामनगर येथील शिलालेख संस्कृतात आहे. राजाला आपली वंशावळ सांगावयाची असते ती शेजारच्या राजांना आणि पंडितांना. प्रजेला ती गाण्यातून ठाऊकच असते. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये चांद्याचे राज्य घेतल्यानंतर त्या मुलखाचा कारभार मराठीत आला.

गोंडी टिकली ती परधानांच्या कंठात. परधान हे गोंडांचे भाट, वंशगायक आणि पुरोहितांचे साहाय्यक. किंगरी या तंतुवाद्यावर ते कुळांच्या उत्पत्तीच्या व देवांच्या कथा गातात. आदिलाबाद-किनवट-यवतमाळ या पट्ट्यातील परधानांची घरची भाषा प्रामुख्याने मराठी आहे. यजमानांसाठीचे गायन मात्र गोंडीत. एका समाजाचे समग्र वाङ्मय दुसऱ्या समाजाने, आणि तेही स्वतः घरी दुसरी भाषा बोलत असताना, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावयास हवी होती. मराठी आणि गोंडी यांचा संबंध केवळ राज्यकर्त्यांची भाषा व रानातील भाषा असा नव्हता, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

नागपूर येथे १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोची कथा उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ मध्ये ओढ्यात बुडून मरण पावले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत मूळ गोंडी पाठ व इंग्रजी अनुवाद आहे. पुढे १८९० मध्ये विल्यमसन यांचे आणि १९१९ मध्ये बैतूल भागातील बोलीवर आधारलेले चेनेविक्स ट्रेंच यांचे व्याकरण आले. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडातही गोंडीची दखल आहे. ही सर्व पुस्तके अधिकारी व मिशनरी यांच्यासाठी होती. गोंड मुलाने हातात धरावे असे पुस्तक त्यांत एकही नव्हते. गोंडी समाजातून झालेला प्रयत्न म्हणजे बालाघाट भागातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली स्वतंत्र लिपी.

बाबेझरी ते मारलवाई

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांची स्थिती झपाट्याने बिघडत गेली. राखीव जंगलाची हद्द आखली जाऊ लागली तशी फिरत्या शेतीची जमीन जंगलखात्याकडे गेली. लोहमार्ग व रस्ते होताच बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी व सावकारांनी सुपीक जमिनीचे पट्टे आपल्या नावे करून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या गोंडाकडे कागद नव्हता, आणि ज्याच्याकडे कागद होता त्याने त्या जमिनीत कधी नांगर धरलेला नव्हता. जंगलरक्षक दंड घेत, पावती देत वा न देत. दिली तरी ती वाचणारा गावात कोणी नसे. संस्थानचा कारभार उर्दूत चालत होता. बाजारात तेलुगू व मराठी चाले. गोंडीला ना कचेरीत प्रवेश होता ना बाजारात.

या परिस्थितीतून कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालील संघर्ष उभा राहिला. बाबेझरी-जोडेघाट परिसरातील बारा गावांचा प्रश्न घेऊन त्यांनी अधिकाऱ्यांकडे अर्जविनंत्या केल्या, हैदराबादपर्यंत दाद मागितली. दाद मिळाली नाही. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात भीम व त्यांचे सहकारी मारले गेले.

आरेचेच्या निवाड्याशी तुलना करावयाची ती येथून. उठाव मोडल्यानंतर निजाम सरकारने कारणांचा शोध घेण्याचे ठरविले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. महायुद्ध सुरू झाल्यामुळे जर्मन पारपत्र बाळगणारे हे गृहस्थ ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते आणि त्यांच्या हालचालींवर निर्बंध होते. म्हणजे एका महायुद्धाच्या अपघाताने गोंडांना त्यांचा सर्वांत चिकाटीचा अभ्यासक मिळाला. त्यांनी आदिलाबादच्या डोंगरात राहून गोंडांचा अभ्यास केला आणि सरकारला अहवाल दिले. ते १९४५ मध्ये 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना होती डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांची. बस्तरच्या माडिया गोंडांवर १९३८ मध्ये ग्रंथ लिहिणारे हे ब्रिटिश अधिकारी त्या काळात निजामाच्या कार्यकारी मंडळात महसूल खाते सांभाळीत होते. या दोघांचा योग जुळला नसता तर अहवाल दप्तरात पडून राहिला असता, असे मानावयास जागा आहे.

हायमेनडॉर्फ यांचा निष्कर्ष सरळ होता. उठावाचे मूळ जमिनीत आहे आणि जमीन जाण्याचे एक कारण निरक्षरता आहे. त्यानुसार जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. हजारो गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले. फसली १३५६ म्हणजे इ.स. १९४६ च्या सुमारास आदिवासी क्षेत्रासाठी विशेष नियमावली करण्यात आली. आणि १९४३ मध्ये उटनूर भागातील मारलवाई या लहानशा गोंड गावात शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले.

या केंद्राचे वैशिष्ट्य असे की, शिक्षक गोंड, पहिले वाचन गोंडीत, आणि लिपी देवनागरी. शासनाची भाषा उर्दू असताना लिपी देवनागरी का निवडली, याचे उत्तर भाषाप्रेमात नसून परिस्थितीत आहे. त्या भागातील ज्या थोड्या गोंड तरुणांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. त्यांनाच प्रथम शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. मुलाने प्रथम घरच्या भाषेत वाचावयास शिकावे आणि नंतर व्यवहाराच्या भाषांकडे वळावे, असा तो क्रम होता. गोंडीतील बालपुस्तके छापण्यात आली. प्रस्तुत लेखकाच्या मते या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. गोंडीत शासकीय पातळीवर निघालेली ही शाळा मराठीच्या अक्षरांवर उभी होती.

निजाम सरकारला गोंडीविषयी आस्था होती, असा याचा अर्थ करण्याचे कारण नाही. याच सरकारने उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमात काढले होते, आणि मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांची शिक्षणाबाबतची तक्रार याच सरकारविरुद्ध होती. महाराष्ट्र परिषदेसारख्या संघटनांच्या ठरावांत मातृभाषेतील शिक्षणाची मागणी येत होती. मराठीभाषक कोट्यवधी नसले तरी संघटित होते, त्यांच्यामागे वृत्तपत्रे होती, शेजारच्या मुंबई इलाख्याचे वाङ्मय होते. त्यांना मातृभाषेची शाळा देणे राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटे. गोंडांना ती देण्यात धोका नव्हता. उलट शांतता विकत घेता येत होती. आरेचेला केचुआमध्ये इंका राजांची आठवण ऐकू येत होती. हैदराबादच्या अधिकाऱ्यांना गोंडीमध्ये चांदा-देवगडच्या राज्याची आठवण ऐकू आली नाही. त्यांना तेथे फक्त दुर्लक्षित रयत दिसली. दोन उठावांना मिळालेल्या दोन उत्तरांतील फरकाचे मूळ, माझ्या समजुतीप्रमाणे, राज्यकर्त्यांच्या दयाबुद्धीत नसून या ऐकू येण्या-न येण्यात आहे.

सेतुमाधवराव पगडी यांचे कार्य

मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांना आपण शिवकालाचे व मोगल-मराठा संबंधांचे अभ्यासक म्हणून, फार्सी साधनांचे अनुवादक म्हणून ओळखतो. निलंग्यात जन्मलेल्या या प्रशासकाने हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केले, ही बाजू त्यामानाने मागे पडली आहे. 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचे पुस्तक १९४९ चे. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. कोलामीचे व्याकरण तर द्राविड भाषांचे थोर अभ्यासक मरे एमेनो यांच्याही उपयोगी पडले.

ज्याची मातृभाषा कचेरीत दुय्यम मानली जात होती असा एक मराठी अधिकारी आपल्याहूनही दुय्यम मानल्या गेलेल्या भाषेचे व्याकरण लिहितो, ही घटना मराठवाड्याच्या भाषिक इतिहासात मानाने नोंदविण्याजोगी आहे. पगडींच्या फार्सीवरील प्रभुत्वाचे कौतुक आपण करतो. त्यांच्या गोंडीचे कौतुक करावयास मात्र आपल्याला गोंडी येत नाही, हेही खरे.

१ नोव्हेंबर १९५६

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मारलवाईचे काम त्यानंतरही काही काळ चालू राहिले. त्याला खरा धक्का बसला तो भाषावार प्रांतरचनेने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. आदिलाबाद जिल्हा आंध्रकडे गेला. परंतु त्यातील किनवट व राजुरा हे तालुके मराठीभाषक बहुसंख्येच्या आधारे मुंबई राज्याला मिळाले. किनवट नांदेड जिल्ह्यात राहिला. राजुरा प्रथम नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला.

या सीमेच्या आखणीत मराठीचे व तेलुगूचे हिशेब मांडले गेले. गोंडीचा हिशेब कोणी मांडला नाही. एका भाषेचा एक सलग मुलूख अशा कल्पनेने ही रचना झाली, तेव्हा ज्यांचा मुलूख सहा राज्यांत पसरला होता त्यांच्यासाठी तिच्यात जागाच नव्हती. आंध्रच्या बाजूला गोंडी शाळेत तेलुगू आली आणि देवनागरीतील बालपुस्तके निरुपयोगी झाली. इकडच्या बाजूला लिपी तीच राहिली, पण भाषा मराठी झाली. पुढे आश्रमशाळा निघाल्या, त्याही मराठी माध्यमाच्या. ज्या घटनादुरुस्तीने ही राज्यरचना अमलात आणली त्याच सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३५०-अ घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. गोंडी मुलांसाठी ज्या दिवशी हे कलम आले, जवळजवळ त्याच दिवसापासून त्यांची असलेली सोय ओसरू लागली.

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावरील आपल्या लेखनात उर्दूच्या सक्तीचे आणि मराठीच्या गळचेपीचे प्रकरण हमखास असते, आणि ते असावयासच हवे. पण त्या लेखनात मारलवाईचा उल्लेख क्वचितच आढळतो. मातृभाषेतील शिक्षण ही आपली मागणी होती. ती मान्य झाल्यावर किनवटच्या डोंगरातील मुलांसाठी ती आपण पुढे चालविली नाही. उर्दू शासनाच्या काळात ज्या मुलाला गोंडीत वाचता येण्याची शक्यता निर्माण झाली होती, त्याच्या धाकट्या भावाला मराठी शासनाच्या काळात ती उरली नाही. हे विधान कटू आहे, परंतु उपलब्ध घटनाक्रम पाहता ते टाळता येत नाही.

पेरूमधील १९७५

केचुआला राजमान्यता मिळण्याची घटना याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. जनरल हुआन वेलास्को यांच्या लष्करी राजवटीने १९६९ मध्ये जमीन सुधारणा केली. २७ मे १९७५ रोजी एका हुकुमाद्वारे केचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. जमीन आधी, भाषा नंतर, हा क्रम हैदराबादसारखाच आहे. पुढील वर्षी सहा प्रादेशिक बोलींची व्याकरणे व कोश प्रसिद्ध झाले. पण त्याआधीच, हुकुमानंतर अवघ्या तीन महिन्यांत, २९ ऑगस्ट १९७५ रोजी वेलास्को यांना पदच्युत करण्यात आले होते. १९७९ च्या राज्यघटनेने केचुआचे स्थान पुन्हा मर्यादित केले. १९९३ च्या घटनेनुसार ती जेथे बहुसंख्य आहे तेथे राजभाषा आहे.

या दर्जाचा प्रत्यक्ष अर्थ किती होता, हे १९८० ते २००० या काळातील यादवीने दाखविले. सत्य व समेट आयोगाच्या २००३ च्या अहवालानुसार या संघर्षात सुमारे ६९ हजार माणसे मारली गेली अथवा बेपत्ता झाली, आणि बळींपैकी सुमारे पाऊणशे टक्के लोकांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य मूलनिवासी भाषा होती. लिमा शहराला इतक्या माणसांचे मरण बराच काळ जाणवले नाही, याची नोंद आयोगाने खेदपूर्वक केली आहे. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत ३७ लाखांहून अधिक लोकांनी केचुआ ही आपली पहिली भाषा सांगितली. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना राजभाषा मानले. केचुआ त्यांपैकी एक.

लिपीचा आणि लेखनाचा वाद

विखुरलेल्या भाषेपुढे प्रमाण रूपाचा प्रश्न उभा राहतोच. केचुआमध्ये तीन स्वर लिहावेत की पाच, यावरून अनेक दशके वाद चालू आहे. १९८५ मध्ये शासनाने तीन स्वरांची पद्धत स्वीकारली. कुस्को येथील केचुआ अकादमी पाचांवर ठाम राहिली. बाहेरून क्षुल्लक वाटणारा हा वाद प्रत्यक्षात भाषेवर अधिकार कोणाचा, भाषाशास्त्रज्ञांचा की कुस्कोच्या नागर विद्वानांचा, याविषयीचा आहे.

गोंडीत हा प्रश्न लिप्यांच्या रूपाने येतो. देवनागरी व तेलुगू या शेजारच्या लिप्या वापरात आहेतच. शिवाय मसराम लिपी आहे. आणि आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडलेली गुंजाळा लिपी आहे. संगणकीय युनिकोड प्रणालीत मसराम लिपीचा समावेश २०१७ मध्ये व गुंजाळा लिपीचा २०१८ मध्ये झाला. वेगवेगळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी एकत्र बसून केलेला प्रमाण शब्दकोशही २०१८ मध्ये आला. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी कोश, व्याकरण व संस्कृतिविषयक लेखन मोठ्या प्रमाणावर केले. सिंधू लिपी गोंडीच्या आधारे वाचण्याचा त्यांचा दावा अभ्यासकांनी मान्य केलेला नाही. पण त्यामुळे त्यांच्या कोशकार्याचे मोल कमी होत नाही.

सद्यस्थिती

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक आहेत. त्याच जनगणनेतील गोंड जमातीची लोकसंख्या सव्वा कोटीहून अधिक आहे. माडिया, कोया यांसारख्या काही बोली स्वतंत्र नोंदल्या जातात हे जमेस धरले तरी बहुसंख्य गोंड आज गोंडी बोलत नाहीत, हे स्पष्ट होते. २००३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली यांची भर पडली. गोंडी अद्याप मागणी करणाऱ्या भाषांच्या यादीत आहे. बोडो व डोगरी यांच्या भाषकांची संख्या गोंडीहून कमी आहे. पण त्यांना एक सलग प्रदेश आहे आणि त्या प्रदेशाला राजकीय आवाज आहे. १९५६ चा परिणाम येथेही दिसतो.

महाराष्ट्रात अलीकडचा उल्लेखनीय प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव येथे झाला. तेथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये मान्यता नसल्याच्या कारणावरून शिक्षण विभागाने तिला नोटीस दिली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मारलवाईची शाळा शासनाने काढली आणि शासन बदलताच ती संपली. मोहगावची शाळा गावाने काढली आणि शासनाने तिला परवान्याविषयी विचारले. मधल्या सुमारे पाऊणशे वर्षांत शाळा कोणी काढावी, हे उलटे झाले आहे. तिची परवानगी कोणाकडे, हे मात्र तसेच आहे.

केस्लापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणतात, आणि किनवट-राजुऱ्याकडूनही गोंड कुटुंबे तेथे जातात. त्या चार दिवसांत राज्याची सीमा कोणी विचारात घेत नाही.

या विषयाची साधने तीन ठिकाणी विखुरलेली आहेत. हायमेनडॉर्फ यांची छायाचित्रे व कागदपत्रे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, निजामकालीन दप्तर हैदराबादच्या तारनाका येथील अभिलेखागारात, आणि आठवणी किनवट-राजुरा-उटनूर पट्ट्यातील वृद्धांकडे. पहिल्या दोन साधनांना घाई नाही. १९४६ मध्ये देवनागरीतील गोंडी बालपुस्तक हाती धरलेले मूल आज ऐंशीच्या बरेच पुढे गेले असेल. आपल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागांत उर्दू दप्तर वाचू शकणारे विद्यार्थी अजून आहेत आणि किनवट-माहूरकडून आलेले, घरी गोंडी ऐकलेले विद्यार्थीही आहेत. या दोघांना एका प्रकल्पावर बसवून या वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम येत्या दोन-तीन वर्षांतच करावे लागेल.